एन्नोचा हात

जर्मन युद्धनौका मोहिमेवर निघाली की विल्हेल्म्सहाफेन बंदराच्या धक्क्यावरून हार्म तिच्या नावाने बिनतारी संदेश पाठवत राहायचा. चोरून ऐकणाऱ्या इंग्रजांना वाटावं, नौका बंदरातच आहे. ते संदेशाच्या लयीवरून यंत्राची कळ दाबणारा हातसुद्धा ओळखायचे, म्हणून नौकेवर संदेश पाठवणाऱ्या एन्नोसारखाच तोही प्रत्येक शब्दाच्या शेवटी कळीवर किंचित रेंगाळायचा.

आज सकाळी नौका सगळ्यांसकट बुडाल्याची खबर आली. पाठोपाठ हुकूम आला: शत्रूला कळता कामा नये, संदेश चालू ठेवा.

हार्मने पाठवलं, "सर्व ठीक."

शेजारी उभा असलेला नवा अधिकारी म्हणाला, "हुबेहूब एन्नोचा हात. कुठून शिकलात हो, हार्मकाका?"

"मी कुठे शिकलो, साहेब," कळीवरचा हात न उचलता हार्म म्हणाला. "पोराला मीच शिकवलं होतं."