तीन आठवड्यांचा ताप

“आधी म्हशीला बघा, डॉक्टर,” सुदामराव म्हणाले. महिन्यापूर्वी ती गाभडली, पोटातलं रेडकू अकाली पडलं, तेव्हा गर्भाशयात अडकलेली वार त्यांच्या पत्नीने उघड्या हातांनी काढली होती. आता तीच पत्नी उंबऱ्याशी घोंगडीत कुडकुडत होती.

“वहिनींना ताप कधीपासून?”

“असेल तीन आठवडे. बायकांचं चालायचंच.”

“म्हशीनं सकाळची वैरण सोडली, तर मला तीन फोन. तिचाच रोग यांना जडला असावा, आणि तुम्ही रक्तसुद्धा तपासून घेतलं नाही?” गुरांच्या डॉक्टरांनी उघडलेली पेटी पुन्हा मिटली. “यांना आत्ता तालुक्याला न्या. तोवर मी म्हशीला हात लावणार नाही.”

सुदामरावांनी मोटारसायकल सुरू केली. मागे बसताना ती म्हणाली, “पण संध्याकाळची धार?”

जन्मभर दूध विकणाऱ्या सुदामरावांना धार काढता येत नव्हती.