मोरेसाहेब जेवत नाहीत

चिमट्यातला माकुलाचा, म्हणजे स्क्विडचा, तुकडा तिने तिसऱ्यांदा मोरेसाहेबांच्या नाकासमोरून फिरवला. कपारीतून बाहेर डोकावणाऱ्या दीड मीटरच्या ईल माशाने तोंड उघडले आणि मिटले. ते श्वासासाठी होते, भुकेसाठी नव्हे. तिने वहीत लिहिले : दिवस एकेचाळिसावा. नकार.

मोरे ईल जातीचा, म्हणून बाबांनी बारा वर्षांपूर्वी ठेवलेले हे नाव. दोन महिन्यांपूर्वी आई गेली, तेव्हापासून बाबा मोकळेपणाने बोलत ते फक्त याच्याशी. खाऱ्या पाण्याच्या टाकीला खेटून त्यांची खुर्ची होती. झाकणातली खाऊ घालायची खिडकी त्यांच्या उजव्या हाताशी. हा गेला तर बाबाही फार काळ काढणार नाहीत, एवढे तिला मोजमाप न करताही कळत होते.

"नको म्हणतोय ना तो?" बाबा म्हणाले. "राहू दे की. त्याचं त्याला कळतं."

"कारण तरी कळायला हवं, बाबा."

"तुला प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं. आईवर गेलीयेस."

काळजी तशी तिला दोघांचीही होती, माशाची आणि बाबांची. बाबांचे वजन सहा किलोंनी उतरले होते. तपासण्या तिच्याच प्रयोगशाळेत झाल्या, रिपोर्ट निर्दोष. "जेवण?" डॉक्टरांनी विचारले होते. "ताट चाटूनपुसून," ती म्हणाली होती. कामाच्या मावशी रोज तेच ताट घासत. त्याही साक्षीदार होत्या.

मावशींचे निदान मात्र वेगळे होते. "तुम्ही हसाल ताई, पण हा साप साहेबांचं रक्त ओढतोय. उपाशी म्हणे! बघा कसा टरारलाय."

"मासा आहे तो, मावशी. आणि मध्ये पाऊण इंचाची काच आहे."

"काचेला काय कळतंय!"

ती हसली. थंड रक्ताचा प्राणी, मंद चयापचय. महिनोन्‌महिने तग धरतो. यात गूढ काही नव्हते.

एक आकडा तेवढा बसत नव्हता. टाकीत अन्न कुजले, की पाण्यात नायट्रेट वाढते. इथे अन्न जातच नव्हते. खाल्ला नाही तर तुकडा ती परत काढून घेई. तरी दर रविवारी आकडा वरच. तिने चाचणीचा संच बदलला. आकडा ढिम्म. उरला फिल्टर.

एक वाजता तिने बाबांना ताट दिले : बिनमिठाचा उकडलेला मासा आणि ठसका लागू नये म्हणून तिने स्वतः बारीक चौकोनी चिरून शिजवलेले गाजर. हात थरथरतो, खाताना माझ्या तोंडाकडे कुणी बघू नये, ही बाबांची अट. ती पाळून ती अर्धा तास स्वयंपाकघरात बसली.

परतली तेव्हा ताट लख्ख होते. तिने ते बाजूला ठेवले, टाकीखालच्या कपाटाशी गुडघे टेकले आणि फिल्टरचा स्पंज ओढून काढला. वाळू, शेवाळ, काळपट गाळ. त्यात नारिंगी तुकडे. मऊ, चौकोनी, सगळे एका मापाचे. सवयीने ती मोजू लागली आणि नवव्यापाशी थांबली.

"आजही जेवण छान झालं होतं गं," वरून बाबा म्हणाले.