अर्धं लिंबू

औंढ्याच्या स्टँडवर उतरल्या उतरल्या प्रेमदासनं रसवंतीवाल्याकडून अर्धं लिंबू मागून घेतलं आणि दोन्ही हातांना खसाखसा चोळलं. बोटांच्या बेचक्यांत, नखांत, पार कोपरापर्यंत. पुण्याहून निघाल्याला अख्खी रात्र उलटली होती. वास कधीच उडून गेला असणार, पण मनाची खात्री होईना.

तांड्यावर पोचला तेव्हा त्याची आई, रूपाबाई, दारात तूर पाखडत बसली होती. लेकाला बघून तिनं सूप खाली ठेवलं. कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. मग नेहमीसारखे त्याचे दोन्ही तळवे धरून आपल्या तोंडाशी नेले आणि तशीच थांबली.

"लिंबू लावलंस?"

"मळमळून राहिलं होतं, याडी. गाडी लई हलली."

"मळमळीला लिंबू नाकाला लावतेत. हाताला न्हाई."

प्रेमदास हसला, पण ते हसू काही टिकलं नाही. रूपाबाईनं हात सोडले नव्हते.

"तुला शाळेत धाडताना मीच चोळायची लिंबू. तरी मास्तरला मोहाच्या दारूचा वास आलाच. वर्गाभाईर बसवलं तुला. त्याच दिवशी मी घरामागची भट्टी फोडली." तिनं तळवे पुन्हा हुंगले. "हॉटेलात काय काम करून राहिला तू?"

दोन वर्षं तो 'हॉटेलात आहे' एवढंच सांगत आला होता. ते खोटं नव्हतं. फक्त अर्धं होतं.

"बिअर बनवतो," तो म्हणाला. "हॉटेलातच. काचेमागं मोठाल्या टाक्या हायेत. धान्य भिजवायचं, उकळायचं, आंबवायचं. समदं माझ्या हातात हाय."

रूपाबाईनं त्याचे हात सोडून दिले. आई आता रडेल, नाहीतर हाताला लागेल ते फेकून मारेल, असं त्याला वाटलं. ती सुपातल्या तुरीकडं बघत बसली.

"पोलीस येतेत?" तिनं हळूच विचारलं.

"येतेत की. पगार झाला की साध्या कपड्यात येतेत अन् पैसे देऊन पितेत."

त्यानं घाईघाईनं मोबाईल काढला. हॉटेलच्या भिंतीवरच्या फ्रेमचा फोटो दाखवला. फ्रेमला झेंडूचा वाळका हार होता. "हे लायसन. सरकारचं. दसऱ्याला मीच हार घातला." रूपाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं कागदावरच्या गोल शिक्क्यावर बोट ठेवलं, तसा फोटो सरकला आणि त्यामागचा व्हिडिओ सुरू झाला. टेबलाभोवती पोरंपोरी बसलेली. पुढ्यात लाकडी फळीवर छोटे छोटे ग्लास. एकेक जण ग्लास उचलून आधी नाकाशी नेत होता.

"हे वास काहून घेऊन राहिले?"

"त्यासाठीच तर येतेत. एका सांजेला तीन-तीन ठिकाणं हिंडतेत. कुठल्या बिअरला कसला वास, त्याच्यावर भांडतेत."

रूपाबाईनं तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. मग पुन्हा एकदा.

"आमची तर नाक दाबून प्यायचे," ती म्हणाली आणि हसली. हसता हसताच तिचे डोळे भरून आले. आयुष्यभर जो वास ती पदरानं पुसत आली, त्यासाठी कुणी गाडीघोडं करून येतं, हे तिच्या गळी उतरत नव्हतं.

"तू म्हणशील तर सोडतो मी," प्रेमदास म्हणाला. त्याला ते काम मनापासून आवडत होतं, तरी तो बोलून गेला.

ती उठून आत गेली. तो तसाच उंबऱ्यापाशी उभा राहिला. आता घरात घेते की नाही, कोण जाणे.

रूपाबाई पाण्याचा तांब्या आणि साबणाची वडी घेऊन बाहेर आली. तिनं त्याला दगडावर बसवलं आणि लहानपणी धुवायची तसे त्याचे हात धुतले. बोटांच्या बेचक्यांत, नखांत, पार कोपरापर्यंत. लिंबाचा वास जाईपर्यंत पाणी ओतत राहिली. मग पदरानं पुसता पुसता म्हणाली,

"पुढल्या बारीला हात जसे हायेत तसेच घेऊन ये घरी."