चार वायरींच्या पायऱ्या

जावयानं फेकून मारलेला सेन्सर मिस्त्रींच्या भुवईवर बसला. रक्त डोळ्यात उतरलं.

"चौथी खेप आहे ही!" जावई ओरडला. "दोन महिन्यांत चौथी! तो इंजिनचा दिवा परत लागलाय, गाडी काळा धूर ओकतेय. वायर जोडता येते की नुसतेच केस पिकवलेत, सासरेबुवा?"

मिस्त्रींनी खांद्यावरच्या फडक्यानं डोळा पुसला आणि घरंगळत गेलेला सेन्सर उचलून बाकावर ठेवला. अंगठ्याएवढा तुकडा. धुराच्या पाइपात बसून धूर हुंगतो आणि इंजिनला पेट्रोल किती घ्यायचं ते सांगतो. हा मागच्या खेपेला काढलेला होता.

"बघतो, जावईबापू. तुम्ही बसा."

"बसायला नाही आलो." जावयानं लाथ मारली. स्टूल उडालं, पान्यांचा ट्रे गॅरेजभर सांडला.

मिस्त्री एकेक पाना वेचत राहिले. एरवी त्यांनी कुणाची अरेरावी ऐकून घेतली नसती. पण मुलगी ह्याच्या घरात होती. वर्षापूर्वी ती बॅग घेऊन दारात उभी राहिली होती. ओठ फुटलेला. "संसारात होतं असं, बाळ. जुळवून घे," म्हणत त्यांनीच तिला परत नेऊन सोडलं होतं. त्यानंतर ती दिसली नव्हती. फोन जावई उचलायचा. झोपलीय, म्हणायचा. भर दुपारीसुद्धा झोपलेलीच.

त्यांनी बॉनेट उचलून दांड्यावर टेकवलं, चावी फिरवली आणि मीटर लावला. सेन्सर तापवणाऱ्या वायरीत बारा व्होल्ट हवे होते. शून्य. इशाऱ्याच्या वायरीत शून्य. अर्थिंगसुद्धा नाही.

पहिल्या खेपेला एक वायर तुटलेली होती. दुसऱ्या खेपेला दोन. तिसऱ्या खेपेला तीन, तेव्हा त्यांनी मनाच्या समाधानासाठी सेन्सरही नवा टाकला. दर वेळी त्यांनी उंदराला शिव्या घातल्या, झाळून नीट जोड दिले आणि गाडी रवाना केली. शेजारचा पंक्चरवाला तर हसून म्हणाला होता, "मिस्त्री, उंदरांनी बिऱ्हाड थाटलंय तुमच्या जावयाच्या गाडीत. भाडं मागा."

आज मात्र वायरींवर त्यांनी न लावलेली काळी टेप गुंडाळलेली होती. व्यवस्थित, घट्ट, शेवटचं टोक आत दुमडून.

उंदीर टेप गुंडाळत नाही.

मिस्त्रींनी ती सोडवली. आत चारही वायरी कापलेल्या. एका जागी नव्हेत. पहिली इथे, दुसरी तिच्यापासून बोटभर खाली, तिसरी आणखी बोटभर, चौथी त्याहून खाली. जिन्याच्या पायऱ्यांसारख्या.

त्यांचा हात थांबला.

दहा वर्षांची पोर शाळेतून थेट गॅरेजात यायची, उजेडासाठी टॉर्च धरून त्यांच्या शेजारी उभी राहायची. "बाबा, वायरी अशा खालीवर का हो कापता?" तिनं विचारलं होतं. "एका जागी कापल्या की जोड एकमेकांना भिडतात, ठिणगी पडते. कापतानाच जोडणाऱ्याचा विचार करायचा, बाळ." महिनाभर ती घरातल्या सगळ्या सुतळ्या पायऱ्यांनी कापत सुटली होती. आई वैतागली होती.

"गाडी रोज कोण पुसतं?" मिस्त्रींनी विचारलं. आवाज नेहमीचाच होता.

"तुमची पोरगी. तेवढ्यापुरतीच सोडतो फाटकापर्यंत. मग परत कुलूप." जावई दोन्ही हात बॉनेटखालच्या पुढच्या कडेवर टेकवून आत वाकला. "परवापासून तेही बंद. जेवणही बंद. फार बघते हल्ली रस्त्याकडे. हात चालव रे म्हाताऱ्या. आज गाडी नीट झाली नाही, तर घरी जाऊन तिचा दुसराही हात मोडतो."

दुसराही.

झोपलेल्या लेकराच्या डोक्याखालून हात काढावा, तितक्या हळुवार मिस्त्रींनी बॉनेटचा दांडा काढला.

जावयाचं डोकं बचावलं. बोटं नाहीत. पत्रा आदळला, हाडांचा आवाज झाला आणि पाठोपाठ किंकाळी फुटली. मिस्त्रींनी दोन्ही गुडघे बॉनेटवर टाकले आणि सगळं वजन दिलं. लॉक खटकन बसलं. जावई पाय झाडत होता, शिव्या देत होता, मग शिव्याही संपल्या आणि नुसतंच "मामा, मामा" उरलं. पांढऱ्या रंगावरून रक्ताचा ओघळ दिव्यापर्यंत गेला.

बॉनेट उघडायचा खटका गाडीच्या आत असतो. मिस्त्रींनी चाव्यांचा जुडगा काढून घेतला आणि दारं लॉक केली. जुडग्यात एक मोठी पितळी किल्ली होती. मागच्या तीनही खेपांना ती त्यांच्या हातातून गेली होती.

पंक्चरवाला धावत आला. "मिस्त्री! अहो, काय केलंत हे?"

"मी परत येईपर्यंत काच फोडू नकोस," मिस्त्री म्हणाले. "पोलिसांना खुशाल बोलाव."

जावयाच्या घराला बाहेरून कुलूप होतं. पितळी किल्ली फिरेना, हात रक्तानं निसटत होता. शेवटी फिरली. 

मागच्या खोलीत ती भिंतीला टेकून बसली होती. एक डोळा सुजून मिटलेला. डावा हात ओढणीनं गळ्यात बांधलेला. उजव्या हाताच्या बोटांना टेपचा काळा चिकटा.

तिनं त्यांच्या भुवईकडे पाहिलं, हातातल्या किल्लीकडे पाहिलं. रडली नाही.

"आधी तीनदा कापली होती, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही दर वेळी जोडून परत पाठवलीत."