नवरदेव गोठ्यात

शेतकऱ्यानं मेंढपाळणीच्या कळपाचा म्होरक्या एडका ओढत नेला आणि आपल्या गोठ्यात खुंट्याला बांधून टाकला.

“आता डोंगराला वळसा घालून जा, मावशी. सगळी मेंढरं माझ्या हद्दीबाहेर गेली की एडका सोडतो. इथून वाट नाही म्हणजे नाही!”

वाट होती. मेंढपाळणीच्या सासूच्या काळापासून होती, शेताच्या कडेनं थेट नदीवर जाणारी. यंदा शेतकऱ्यानं तिच्यावर तारेचं कुंपण घातलं होतं. मेंढरं कालपासून तहानलेली. डोंगराला वळसा म्हणजे आणखी एक दिवस, आणि तेवढा वेळ कोकरं काही तग धरत नाहीत.

तिच्या दिरानं काठी उचलली. तिकडे शेतकऱ्याच्या भावांच्या हातांतही काठ्या आल्या.

“ठेव ती खाली,” तिनं दिराला दटावलं. “डोकी फुटून पाणी मिळतं होय रे? बस इथं. गंमत बघ.”

आणि बाई खुशाल बांधावर टेकली. कोकरांसाठी जीव तुटत होता तिचा. पण आपली मेंढरं तिला पुरती ठाऊक होती.

गोठ्यातून एडका ओरडला. झालं! माना टाकून उभा असलेला कळप निघाला तो थेट शेतकऱ्याच्या अंगणात. ओसरीवर मेंढरं, चुलीपाशी मेंढरं, वाळत घातलेल्या धान्यात मेंढरं. शेतकऱ्याची बायको केरसुणीनं एकीला हाकलायची, तोवर चार आत.

“अगं मावशी, ने की यांना!” शेतकरी ओरडला.

“कशी नेऊ, दादा? नवरदेवाला तू कोंडलंस. वऱ्हाड जाणार कुठं?”

“अहो, सोडा त्या मेल्याला!” बायको आतून किंचाळली.

शेतकऱ्यानं एडक्याचा दोर सोडला आणि त्याला डोंगराकडे ओढायला लागला. एडक्यानं चारही पाय रोवले. मग उलटा फिरून त्यानंच शेतकऱ्याला फरफटत कुंपणापाशी आणलं. मागोमाग सगळा कळप येऊन उभा राहिला. शेजारीच पोटरीला आलेलं पीक.

शेतकऱ्यानं पिकाकडे बघितलं, कळपाकडे बघितलं आणि भावाला हाक मारली, “पक्कड आण!”

तार तुटली. दोर हातात तसाच धरून शेतकरी वाटेनं पुढे, त्याच्यामागे एडका, मागे एका ओळीत सगळी मेंढरं नदीकडे निघाली. दीर दोर घ्यायला धावला. तिनं त्याचा सदरा धरला.

“राहू दे. चांगला नेतोय. पुढच्या वर्षीही यालाच बोलवू.”