पाळकांचा शर्ट

नाताळच्या उपासनेला पाळकसाहेब झगा न घालता नुसत्या शर्टावर वेदीपुढं आले. शर्टाला बटणं नव्हती, सेफ्टी पिना होत्या. पहिल्या बाकावर नव्या पैठणीत बसलेल्या सुलोचनाबाई फणकारल्या, “आमच्या दानावर जगतोय, आन् सणाला धड शर्ट घालाय येईना व्हय ह्याला?”

पाळकसाहेबांनी ते ऐकलं.

“ऊसतोड मजुरांसाठी तुम्ही प्रभूच्या नावानं कपडे दिलेत, त्यातलाच हा शर्ट. देण्याआधी बटणं काढून घेतलेली. मजुरांच्या हातात ठेवायला मला लाज वाटली, म्हणून मीच घातला.”

सुलोचनाबाईंचे यजमान दानिएल पुढं वाकून शर्टाकडं निरखून बघत होते.

“सुले, ह्यो माझाच शर्ट की. बटणं होती ह्याला.”