टपावरचं ओझं

“खलास!” व्हॅनच्या टपावर गुडघे टेकून बसलेला मेकॅनिक डेस्मंड वरूनच ओरडला. “हा एसी काही आता जिवंत होत नाही, नेवेन्काबाई.”

द्राझेननं सुटकेचा निःश्वास सोडला, पण आईला ऐकू जाणार नाही इतपतच. तो अ‍ॅडलेडहून पोर्ट ऑगस्टाला आला होता तो हेच ऐकायला. म्हातारी कपाळावर हात धरून वर बघत होती. सकाळीच गॅरेजच्या अंगणातला पत्रा तापून निघाला होता.

डेस्मंड शिडीवरून उतरला. “नवा बसवता येईल, पण खालचा पत्रा गंजून पापड झालाय. वजन पेलायचं तर आधी अख्खा टप बदलावा लागेल. त्यापेक्षा दुसरी गाडी घेतलेली बरी.”

“ऐकलंस ना, आई?” द्राझेनचा आवाज मऊ झाला. “गाडीच सांगतेय, आता हे गाडीतलं राहणं पुरे. फाटकाशी तो माणूस थांबलाय, आहे तशी विकत घेऊन जाईल. आमच्याकडे तुझी खोली तयार आहे. केरीनं पडदेसुद्धा नवे लावलेत.”

“आणि जागोदा?”

जागोदा मावशी पार पश्चिमेला, एस्परन्सला राहायची. हल्ली फोनवर सख्ख्या बहिणीलाच ‘कोण बोलतंय?’ म्हणून विचारायची.

“मावशीकडे विमानानं जा. मी तिकीट काढतो.”

“जायचं काढशील, लगोलग परतीचंही काढशील. परत कधी यायचं ते माझं मी बघेन.”

“अगं, मधे नुसता माळ आहे! झाड नाही, सावली नाही. एसीशिवाय या उन्हात माणसं मरतात.”

“आणि एसीत मरत नाहीत होय?” नेवेन्का त्याच्याकडे वळली. “तुझा बाबा कुठं मेला?”

द्राझेन बुटाच्या टोकानं अंगणातला खडा ढकलू लागला.

“एकच धोशा लावला होता त्यानं, खिडकी उघडा. आणि ती नर्स प्रेमानं सांगायची, आजोबा, इथल्या खिडक्या उघडत नाहीत, एसी आहे ना! जन्मभर कूबर पेडीच्या खाणीत घाम गाळला त्या माणसानं. थंडावा कुठं मागत होता तो? वारा मागत होता. मला तसं मागत पडून राहायचं नाही.”

ती डेस्मंडकडे वळली. “काढून टाक तो डबा.”

“काढतो की. पण टपाला भोक पडेल.”

“त्यावर झडप बसव. उघडणारी.”

डेस्मंडनं हळूच द्राझेनकडे पाहिलं.

“त्याच्याकडे काय बघतोस? गाडी माझी, भोक माझं!”

डेस्मंड हसायला लागला. “बरं बाई. पण पहाटे निघायचं, ऊन चढलं की थांबायचं. आणि पाणी दुप्पट घ्यायचं.”

“तुझ्या जन्माच्या आधीपासून ऊन खातेय मी,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “पाणी मात्र दुप्पट घेईन.”

फाटकाशी थांबलेला माणूस घड्याळ बघून निघून गेला. त्याला थांबवायला द्राझेननं हात वर केला, पण आईनं तोच हात पकडला.

“उभा काय राहिलायस? बाह्या सरसाव. ते धूड एकट्याच्यानं उतरायचं नाही.”

नाही म्हणायला त्यानं तोंड उघडलं. मग बाह्या सरसावून शिडी चढला. बोल्ट गंजले होते, पाना सटकत होता, त्याची बोटं सोलवटली. दोघांनी मिळून तो एसी दोरानं खाली सोडला. वरच्या भोकातून द्राझेननं आत डोकावलं. आईच्या अंथरुणावर उन्हाचा चौकोन पडला होता आणि ती त्यात हात धरून बघत होती.

संध्याकाळपर्यंत डेस्मंडनं झडप बसवली. रात्री ती तिथंच, व्हॅनमध्ये झोपली. उजाडता उजाडता तिनं दोघांना कडक कॉफी पाजली, मुलाच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि गाडी चालू केली. द्राझेन काही बोलायच्या आत व्हॅन फाटकाबाहेर पडली.

तो अंगणातल्या त्या मेलेल्या एसीवर टेकला. फोन वाजला. त्याची बायको केरी होती.

“काय झालं? मिटलं का सगळं?”

“आई गेली.”

“अरे देवा! कधी? कशानं?”

“तशी नाही गं,” द्राझेन म्हणाला, आणि आदल्या दिवसापासून पहिल्यांदा त्याला हसू आलं. “हॉर्न वाजवत गेली.”